‘सूर कपाळात ठेव’ म्हणजे नेमकं करायचं काय? गाणं शिकवताना प्रतिमांचा वापर

शिक्षक सांगतात, ‘सूर कपाळात ठेव.’ विद्यार्थी मान हलवतो, भुवया वर घेतो, कपाळाला आठ्या घालतो आणि मघाशी गायला तसंच गातो. फार तर थोडं नाकात. सूचना तशी खोटी नव्हती. मुरलेल्या गळ्यातून वरचा सूर लागला की कपाळाच्या आसपास खरोखरच थरथर जाणवते. पण ती थरथर सूर नीट लागल्यावर येते. ती आणायची कशी, हे त्या सूचनेत कुठेच नाही.

गाणं शिकवताना प्रतिमांमुळे होणारा बराचसा गोंधळ इथून सुरू होतो. शिक्षक स्वतःला काय जाणवतं ते सांगतात आणि विद्यार्थ्याला काय करायचं ते हवं असतं. कामाची प्रतिमा म्हणजे जी ऐकल्यावर शरीर आपोआप काहीतरी वेगळं करतं ती. अशा प्रतिमा शोधायच्या कशा, सांगायच्या कशा, तपासायच्या कशा आणि कधी टाकून द्यायच्या, ते पायरीपायरीने पाहू.

प्रतिमांवाचून अडतं का?

हार्मोनियम शिकवताना चुकलेलं बोट उचलून बरोबर पट्टीवर ठेवता येतं. गळ्याच्या बाबतीत ती सोय नाही. स्वरतंतू जेमतेम एक ते अडीच सेंटिमीटर लांबीचे. ४४० हर्ट्‌झचा सूर लावला की ते सेकंदाला ४४० वेळा उघडतात आणि मिटतात. ते दिसत नाहीत आणि या क्षणी कुठल्या स्थितीत आहेत हे आतून धड कळतही नाही. श्वासपटलाचंही, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचंही, थोडंफार तसंच. मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकांनी १८५४ मध्ये छोट्या आरशांच्या मदतीने गाताना हलणारे स्वतःचेच स्वरतंतू पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर झाला. त्याआधीही शतकानुशतकं उत्तम गाणारे तयार होत होतेच, कान आणि कल्पना यांच्या बळावर. आज स्वरयंत्राचे व्हिडिओ कुणालाही सहज पाहता येतात, पण ते पाहून कुणाचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सुधारल्याचं ऐकिवात नाही. ‘स्वरतंतू ताणणारा स्नायू आखड’ ही आज्ञा शरीराला पाळता येत नाही. ‘सूर पातळ होत लांब जाऊ दे’ ही पाळता येते.

हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे. लक्ष अवयवाकडे ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे ठेवलं, तर हालचाल लवकर आणि सफाईने जमते. त्यांचे प्रयोग मुख्यतः तोल सांभाळणं आणि खेळ यांवरचे आहेत. गाण्यावरचे प्रयोग त्या मानाने थोडे. तरी शिकवणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल: ‘जबडा सैल सोड’ म्हटलं की जबडा हमखास ताठतो.

पहिली पायरी: प्रतिमेआधी निदान

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

‘आवाज बंद वाटतोय’, ‘सुरात दम नाही’, ‘मोकळं गा जरा’ ही निदानं नव्हेत, तक्रारी आहेत. तक्रारीवर प्रतिमा सुचवली की तीर कुठेही लागतो. आधी मनात एक वाक्य पुरं करा: ‘गाताना हिच्या शरीरात अमुक होतंय, त्याऐवजी तमुक व्हायला हवं.’ हे वाक्य पुरं होत नसेल तर प्रतिमा सुचवू नका. पुन्हा गाऊन घ्या आणि या वेळी कानांसोबत डोळेही वापरा. हनुवटी पुढे येते का? श्वास घेताना खांदे उचलतात का? सूर लावण्याच्या आधी क्षणभर श्वास अडकतो का? ‘आ’ लावताना जीभ मागे गोळा होते का? मानेच्या शिरा कधी फुगतात, सुराच्या सुरुवातीला की शेवटी?

वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोषांची मुळं वेगवेगळी असतात. आवाज हवेशीर येतोय, म्हणजे सुरासोबत नुसती हवाही सुटतेय, असं समजा. स्वरतंतू नीट मिटत नसतील तर प्रतिमा नेमक्या, स्वच्छ सुरुवातीची हवी. श्वासच जास्त ढकलला जात असेल तर तो राखून खर्च करण्याची हवी. पहिल्याला दुसऱ्याची प्रतिमा दिली तर आवाज आणखी पातळ आणि घाबरट होतो.

सूर उतरत असेल तरीही हेच. श्वास कमी पडून उतरतो, आवाज जड करून वर नेल्याने उतरतो, स्वर गुदमरल्यानेही उतरतो. आणि काहींचा उतरतो कारण तो उतरलाय हेच त्यांना ऐकू येत नाही. या शेवटच्या माणसाला जगातली कुठलीही प्रतिमा उपयोगी नाही. त्याला तानपुरा लावून द्या, एकच स्वर सावकाश मिळवायला लावा, मुद्दाम थोडा वर-खाली करून परत आणायला सांगा. कानाचं काम कल्पनेवर ढकलायचं नाही.

दुसरी पायरी: क्रियापद असलेली प्रतिमा निवडा

प्रतिमा ढोबळ मानाने चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार जागेच्या प्रतिमांचा: सूर कपाळात, छातीत, दातांमागे. दुसरा दृश्याच्या: सूर सोनेरी, गोल, काळोखा. तिसरा भावाच्या: आर्जव कर, कुणाला तरी हाक मार. चौथा हालचालीच्या: ओत, गुंडाळ, सरकव, टेकव, सोड.

माझा कल उघडच चौथ्या प्रकाराकडे आहे, त्याखालोखाल तिसऱ्याकडे. ‘गोल सूर लाव’ ऐकून काय करायचं हे नवख्याला कळत नाही. तो ओठ गोल करतो आणि ‘आ’चा ‘ऑ’ होतो. ‘समोरच्या खोलीतल्या माणसाला न ओरडता हाक मार’ म्हटलं की श्वास, टाळू, उच्चार आणि आवाजाची फेक एकदमच जुळून येतात, कारण ही कृती शरीराने आधी केलेली असते. चांगल्या प्रतिमेची खूण हीच: नवं काही शिकवण्याऐवजी शरीराला आधीपासून येणारी हालचाल ती गाण्यात उसनी आणते. म्हणून प्रतिमा विद्यार्थ्याच्या अनुभवातली हवी. ज्याने कधी व्हायोलिन हातात धरलं नाही त्याला ‘गज ओढल्यासारखा सूर’ सांगून काहीच मिळत नाही. पोहणाऱ्याला पाण्यावर अंग सोडून देणं सांगा, चित्र काढणाऱ्याला ब्रश न उचलता ओढलेली रेघ सांगा, सायकल चालवणाऱ्याला चढावर हलका केलेला गिअर. विद्यार्थी फावल्या वेळात काय करतो हे विचारून ठेवणं हा शिकवण्याचाच भाग समजा.

एक चाळणी लावायला विसरू नका. प्रतिमा सांगण्याआधी मनात म्हणा, ‘ही शब्दशः घेतली तर काय होईल?’ कारण कुणीतरी शब्दशः घेणारच. ‘घसा उघड’ शब्दशः घेणारा जिभेचं मूळ खाली दाबतो. ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचव’ शब्दशः घेणारा ओरडतो. शब्दशः घेतली तरी अपाय होणार नाही, अशीच प्रतिमा घ्या.

तिसरी पायरी: सांगण्याची रीत

एका वेळी एकच प्रतिमा. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण बोलता बोलता दुसरी सुचते आणि ती जास्त सुंदर वाटते. तिला थांबवा. ‘दीर्घ श्वास घे, खांदे सोड, सूर कारंज्यासारखा वर जाऊ दे आणि मखमलीसारखा ठेव’ या वाक्यात चार सूचना आहेत. विद्यार्थी त्यातली शेवटची ऐकतो, नाहीतर एकही नाही.

वाक्य लहान ठेवा, आठ-दहा शब्दांत बसेल इतकं. होकारार्थी ठेवा. ‘आवळू नको’ ऐकून शरीर आधी आवळण्याचीच आठवण काढतं. मग दोन-तीन सेकंद गप्प राहा. त्या शांततेत विद्यार्थी कल्पना उभी करत असतो आणि बरेच शिक्षक ती जागा बोलून भरून टाकतात. त्यानंतर एकच छोटा तुकडा गाऊन घ्या, पूर्ण बंदिश किंवा गाणं नको. एक स्वर, तीन स्वरांची ओळ किंवा अडणारी तेवढीच जागा.

हाताची जोड मिळाली तर प्रतिमा दुप्पट पक्की बसते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, शिकवताना हात हवेत न थांबता एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर नेला आणि विद्यार्थ्यालाही नेऊ दिला, की मधले स्वर सुटत नाहीत. दाणेदार तानेसाठी बोटांची टोकं टेबलावर हलकी टेकवत न्यायची. हात अडखळला तिथे गळाही अडखळलेला असतो. हे डोळ्यांना दिसतं, आणि विद्यार्थ्यालाही दिसतं.

स्वतः गाऊन दाखवणं प्रतिमेच्या आधी की नंतर? मी नंतर म्हणेन. आधी गाऊन दाखवलं तर विद्यार्थी तुमच्या आवाजाची नक्कल करतो. तुमच्या वयाची, तुमच्या गळ्याच्या ठेवणीची, तुमच्या लकबींची. आधी प्रतिमेवर त्याला त्याचा आवाज शोधू द्या, मग तुलनेला तुमचा द्या.

चौथी पायरी: पुढच्या सुरात तपासा

प्रतिमा चालली की नाही हे विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरच्या ‘अच्छा, कळलं’वरून ठरवायचं नाही. पुढचा सूर काय सांगतो ते ऐका. फरक पडला तर तीच प्रतिमा, तोच तुकडा, आणखी तीन-चार वेळा. दोनदा सांगूनही फरक पडला नाही तर प्रतिमा बदला. तीच मोठ्याने आणि समजावून सांगण्यात काही हशील नाही. उलटा फरक पडला तर आनंदच माना, कारण निदान कुठे चुकलं हे लगेच कळतं.

हे जवळून पाहू. समजा, एक मुलगी मध्य सप्तकात छान गाते, पण तार षड्जाकडे जाताना हनुवटी वर येते, मान ताणते आणि सूर पातळ होण्याऐवजी किंचाळतो. निदानाचं वाक्य: ‘सूर उंचावर आहे असं समजून ती शरीराने वर चढतेय, स्वरयंत्र वर ओढलं जातंय आणि मागून श्वासाचा जोर लावतेय. मान होती तिथेच राहून जोर कमी व्हायला हवा.’

शिक्षिका म्हणतात, ‘सूर वर जात नाहीये. तो तुझ्यापासून समोर, लांब चाललाय. हात पुढे ने.’ मुलगी गाते. हनुवटी खाली राहते, पण आवाज मोठा होतो. ‘लांब’चा अर्थ तिने ‘जोरात’ असा घेतला. प्रतिमेने अर्धं काम केलं, अर्धं बिघडवलं.

दुसरी प्रतिमा: ‘लिफ्ट वर जाते तेव्हा तिला तोलणारं वजन मागच्या बाजूने खाली उतरतं. तसा सूर वर जाताना तुझा हात खाली येऊ दे. गुडघे थोडे सैल.’ मुलगी पुन्हा गाते. सा लागतो. मोठा नाही, पण स्वच्छ.

‘काय वाटलं?’

‘ताई, काहीच केलं नाही असं वाटलं. लागला का तो?’

‘लागला. परत तसंच, काहीच न करता.’

चौथ्या खेपेला ती आपणहून म्हणते, ‘सूर बारीक दोऱ्यावर आल्यासारखा वाटतो.’ हे वाक्य तिच्या वहीत तिच्याच अक्षरात जायला हवं. घरी रियाजाला बसल्यावर लिफ्ट आठवेल न आठवेल, दोरा आठवेल. तो तिचा आहे आणि लागलेल्या सुरातून निघालेला आहे. ‘काय वाटलं?’ हा प्रश्न त्यासाठीच विचारायचा आणि उत्तर दुरुस्त करायचं नाही. एखाद्याने ‘सूर गुडघ्यातून आला’ म्हटलं आणि सूर चांगला लागला असेल तर गुडघ्यातून आला.

सूर नीट लागल्यावर ‘काहीच केलं नाही’ वाटणं ही फार चांगली खूण आहे. जोर लावून गाण्याची सवय असलेल्याला मोकळा सूर सुरुवातीला अपुरा वाटतो. शिवाय स्वतःचा आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो, त्यामुळे आत घुमणारा आवाज बाहेर तितका पोचत असेलच असं नाही. अशा वेळी मोबाइलवर दोन्ही तऱ्हा रेकॉर्ड करून ऐकवा. पाच मिनिटांचं काम आणि वाद मिटतो.

अडचणीनुसार काही प्रतिमा

हा साठा पाठ करण्यासाठी नाही. प्रत्येक प्रतिमेमागे शरीरातली कुठली हालचाल आहे ते पाहिलं, की स्वतःच्या प्रतिमा घडवता येतात.

दमसास कमी असणाऱ्यांना आपण ‘भरपूर श्वास घे’ सांगतो आणि तिथेच फसतो. फुप्फुसं गच्च भरली की ती आपोआप आकसू पाहतात आणि सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त दाब येतो. तो आवरायला श्वास आत घेणारे स्नायूच काही काळ चालू ठेवावे लागतात, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नसतात. हे काम साधणारी प्रतिमा अशी: ‘गाताना श्वास अजून आत घेतोयस असं समज.’ पाश्चात्त्य गायनात आवाज आत ओढून घेण्याची सूचना जुनी आहे, ती याच कारणाने टिकली असावी. वासाची प्रतिमाही उत्तम चालते. फुलाचा वास घेताना खांदे उचलत नाहीत, बरगड्या बाजूला रुंदावतात आणि नाकाच्या मागे जागा होते. श्वास घेण्याआधी ‘वास घे’ एवढे दोनच शब्द पुरतात.

सुराची सुरुवात धक्क्याने होत असेल, ‘अ’च्या आधी गळ्यात टक् आवाज येत असेल, तर ‘सूर आधीच चालू आहे, तू त्यात जाऊन मिसळ’ हे सांगून पाहा. तानपुरा चालू असला तर प्रतिमा राहतच नाही, खरीच गोष्ट होते. उलट सुरुवात हवेशीर असेल तर ‘पेनाचं टोक कागदावर टेकव आणि मग रेघ ओढ’.

आकार, म्हणजे ‘आ’ लावून गायलेला सूर, बंद, गुदमरलेला येत असेल तर जांभईची प्रतिमा सगळेच सांगतात. ती निम्मीच खरी आहे. जांभई सुरू होतानाच्या क्षणी मऊ टाळू उचलली जाते आणि स्वरयंत्र थोडं खाली येतं, तेवढं हवं असतं. पुरती जांभई दिली की जिभेचं मूळ मागे दाबलं जातं आणि आवाज विहिरीत पडतो. म्हणून ‘सभ्य लोकांसमोर जांभई लपव’ असं सांगावं. ओठ मिटलेले आणि आत जागा. हसू येतंच, आणि हसण्यानेही काम होतं.

आवाजाला चकाकी नसेल, वाद्यांच्या वर तो येत नसेल, तर कारण ताकदीत नसतं. आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रशिक्षित गायकांच्या, विशेषतः पुरुष गायकांच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या आसपास ऊर्जा एकवटते आणि ती स्वरतंतूंच्या लगेच वरच्या अरुंद नळीच्या आकारामुळे येते. आपला कान त्याच टापूत फार तल्लख असतो, म्हणून असा आवाज जोर न लावता ऐकू येतो. शिकवताना इथे किंचित खोडकर प्रतिमा लागते: लहान बाळाचं ‘ङ्यॅ’, मांजराचं म्याव, चिडवण्याचा सूर. आधी मुद्दाम तसा वेडावाकडा आवाज काढायचा, मग त्याची धार ठेवून हळूहळू ‘आ’कडे यायचं. गंभीर प्रकृतीच्या विद्यार्थ्यांना याची लाज वाटते. म्हणून तो आवाज आधी शिक्षकाने काढावा.

जिथे खरी वस्तू वापरता येते तिथे कल्पना कशाला? पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉचं टोक एक-दोन सेंटिमीटर बुडवून त्यातून सूर लावायचा. बुडबुडे एकसारखे आले तर श्वास एकसारखा. अर्ध्या बंद मुखमार्गाचे हे व्यायाम आवाजाचे अभ्यासक इंगो टित्झे यांच्या कामामुळे गेल्या दोन दशकांत सर्वदूर पोचले. पुढची वाट अरुंद असल्याने मागे थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतूंवरचा ताण हलका होतो. नंतर स्ट्रॉ बाजूला ठेवून ‘अजून बुडबुडे चालू आहेत’ एवढंच म्हटलं की पुरे. अनुभवलेल्या वस्तूची आठवण ही कानावर पडलेल्या उपमेपेक्षा कितीतरी पटींनी पक्की असते.

जपून वापरायच्या प्रतिमा

‘पोटातून गा.’ पोटात हवा जात नाही. श्वासपटल खाली गेल्यावर पोटातले अवयव पुढे सरकतात म्हणून पोट पुढे येतं. ही सूचना ऐकून बरेच जण पोट कडक करतात किंवा मुद्दाम फुगवतात, आणि दोन्हीत श्वास अडकतो. त्यापेक्षा हात खालच्या बरगड्यांवर ठेवून ‘हात बाजूला सरकू दे’.

‘सूर नाकात ने.’ थरथर नाकाजवळ जाणवणं आणि हवा नाकातून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. चाचणी सोपी आहे. ‘आ’ लावून नाक चिमटीत धरायचं. आवाज बदलला तर हवा नाकातून गळतेय, न बदलला तर ठीक. ही चाचणी विद्यार्थ्याला शिकवून ठेवा, म्हणजे थरथरीचा अर्थ तो चुकीचा लावणार नाही.

जर्मन गायिका लिली लेहमान यांच्या १९०२ सालच्या पुस्तकात डोक्याचा छेद काढून कुठला सूर कुठे जाणवतो ते रेषांनी दाखवलं आहे. एका थोर गायिकेच्या जाणिवांची नोंद म्हणून ते मोलाचं आहे. पण आवाज खरोखर त्या रेषांवरून फिरतो असं समजून वाचलं तर वाचणारा स्वतःच्या कवटीत आवाज ढकलत बसतो. आपल्या वर्गातही हेच होतं. प्रतिमा सांगताना ‘असं समज’ म्हणायचं, ‘असं असतं’ म्हणायचं नाही. आणि विद्यार्थ्याने ‘खरंच तिथे जातो का सूर?’ विचारलं तर सरळ सांगायचं, ‘नाही, पण तसं समजून गायलं की बरोबर लागतो.’ प्रामाणिक उत्तराने प्रतिमेची ताकद कमी होत नाही.

माणूस तशी प्रतिमा

मुलांना प्रतिमा द्यायची गरज फारशी पडत नाही, त्या त्यांच्याकडे असतातच. त्यांना फक्त एका प्रतिमेवर दहा मिनिटं टिकवायचं असतं. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांचं उलट. त्यांना आधी ‘का’ हवं असतं. डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबाची सवय असलेली माणसं कारंजं आणि दोरा ऐकून अवघडतात. त्यांना दोन वाक्यांत शरीरात काय होतं ते सांगा, मग प्रतिमा द्या. ‘का’ कळलं की ते तीच प्रतिमा आनंदाने घेतात.

काही जणांना मनात चित्र उभंच करता येत नाही. २०१५ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी या स्थितीला ‘अफँटेजिया’ हे नाव दिलं. असा विद्यार्थी ‘डोळ्यांसमोर आण’ म्हटल्यावर गप्प राहतो आणि आपण त्याला मठ्ठ समजतो. ‘डोळ्यांसमोर आण’ हा शब्दप्रयोगच सोडून द्या. ‘असं कर’, ‘असं केल्यासारखं गा’ म्हणा. हालचाल, स्पर्श, वजन यांच्या प्रतिमा त्यांना चालतात, आणि जन्मापासून दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यांनाही.

वीस जणांच्या वर्गात एकच प्रतिमा सगळ्यांना लागू पडणार नाही. ‘अजून मोकळं’ ऐकून लाजाळू विद्यार्थी जेमतेम योग्य मात्रेवर येतो आणि आधीच मोकळा असलेला ओरडायला लागतो. सामूहिक वर्गात सगळ्यांना हाताची हालचाल द्या आणि शब्दांतली प्रतिमा नाव घेऊन एकेकट्याला. ऑनलाइन वर्गात आवाजाचा पोत पोचतोच असं नाही, म्हणून तिथे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर भर द्यावा आणि तपासणीसाठी वर्गानंतर रेकॉर्डिंग मागवावं.

प्रतिमा उतरवून ठेवणं

प्रतिमा झिजते. पहिल्या आठवड्यात ‘दोरा’ म्हटलं की सूर बदलतो, महिन्याभरात तो नुसता शब्द उरतो. तो वारंवार उच्चारला जातोय पण सुरात फरक पडत नाही, असं दिसलं की दोन शक्यता. एक, हालचाल अंगवळणी पडली आहे. मग प्रतिमेची आठवण न करून देता गाऊन घ्या. सूर टिकला तर तिचं काम झालं, तिचा उल्लेखही बंद करा. दोन, प्रतिमा शिळी झाली आहे पण सवय लागलेली नाही. मग नवी शोधा, पण त्याच हालचालीसाठी. इथे विद्यार्थ्याची वही उपयोगी पडते: तारीख, कुठली जागा, कुठली प्रतिमा, त्याचे स्वतःचे शब्द. सहा महिन्यांनी चाळली की कळतं, एकाच दोषावर पाच प्रतिमा झाल्या असतील तर दोष वेगळाच आहे.

मैफलीत किंवा स्पर्धेत बसताना तांत्रिक प्रतिमा बाजूला. त्या वेळी शब्दांचा अर्थ, रागाचा भाव, समोरच्या माणसाला काहीतरी सांगायचंय ही भावना, एवढंच डोक्यात असावं. लिफ्ट आणि स्ट्रॉ रियाजाच्या खोलीतच बरे.

आणि गाताना दुखत असेल, रोज गायल्यानंतर आवाज बसत असेल, किंवा घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला असेल, तर प्रतिमा शोधत बसू नका. गाणं थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायला सांगा. स्वरतंतूंवर गाठ असेल तर तिच्यामुळे येणारा हवेशीर आवाज ‘पेनाचं टोक टेकव’ सांगून जाणार नाही. उलट विद्यार्थी ते टोक आणखी जोरात टेकवेल.